रात्री अकराचा मालकंस: घरच्या सिस्टिमला हेडफोन अॅम्प जोडताना

सासूबाई साडेनऊला झोपतात. त्यांची खोली आणि आमची बैठक यांच्यामध्ये एकच भिंत, तीही जुनी, वर झरोका उघडा. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात अशी घरं अजून पुष्कळ आहेत. आणि मालकंस ऐकायचा तर रात्री अकराच्या पुढे, दरबारीही तसाच उशिरा. माझे वडील माधव संगीत महाविद्यालयात शिकले. रागाची वेळ मोडायची नाही ही शिस्त त्यांनी तिथून घरी आणली आणि ती माझ्याही अंगात मुरली. दुपारी तीनला दरबारी लावायला माझा हात आजही धजत नाही. म्हणून हेडफोन आला आणि त्याच्यामागून हेडफोन अॅम्प, म्हणजे फक्त हेडफोनसाठीचा छोटा अॅम्प्लिफायर.

आमच्याकडे वडिलांचा जुना अॅम्प्लिफायर आहे, त्याला रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि अलीकडे टीव्ही जोडलेला. अॅम्पला पुढे हेडफोनचं भोक होतंच. मग वेगळा अॅम्प कशाला? जुन्या अॅम्पमध्ये बहुधा स्पीकरकडे जाणाराच आवाज मध्ये शेकडो ओहमचा (ओहम हे रोधाचं माप) रेझिस्टर घालून त्या भोकात आणलेला असतो. माझा हेडफोन ३२ ओहमचा. एवढा मोठा रेझिस्टर मध्ये आला की खालचे स्वर फुगतात, कारण तिथे हेडफोनचा स्वतःचा रोध वाढलेला असतो आणि त्याला जास्तीचा वाटा मिळतो. डग्गा असा घुमायचा की विलंबित एकतालात ठेका कुठे पडतोय हेच नीट कळेना. साधा हिशेब असा: अॅम्पचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा. ३२ ओहमला ४ ओहम किंवा त्याहून कमी. विकत घेताना हा एक आकडा आवर्जून विचारा. ३०० ओहमचा हेडफोन असेल तर या बाबतीत एवढी काळजी नको.

आता जोडणी. बाडा म्हणजे इथला मुख्य चौक, त्याच्याजवळच्या एका दुकानात मला सांगितलं होतं, हेडफोन अॅम्पला आवाज स्पीकरच्या तारांतून काढून घ्या. कृपा करून असं करू नका. ५० वॉटचा अॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात २० व्होल्टपर्यंत देतो. हेडफोन अॅम्पच्या इनपुटला २ व्होल्टच्या आसपासची सवय असते, सीडी प्लेअर देतो तेवढी. शिवाय काही अॅम्पमध्ये स्पीकरचं काळं टोक अर्थला जोडलेलं नसतं. तिथे आरसीए पिनेची (ऑडिओ केबलच्या टोकाच्या गोल पिनेची) बाहेरची कडी लागली की शॉर्ट झालंच समजा.

अॅम्पच्या पाठीमागे बघा. ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ लिहिलेली दोन भोकं असतील, लाल आणि पांढरं, किंवा लाल आणि काळं. लाल उजवा. तिथून साधी आरसीए केबल हेडफोन अॅम्पच्या इनपुटला. झालं. टेप आउटची खुबी अशी की तो आवाजाच्या बटणाच्या आधीचा असतो. मोठ्या अॅम्पचं बटण शून्यावर ठेवा, स्पीकर मुके राहतील, आणि हेडफोनचा आवाज त्याच्या स्वतःच्या बटणावर चालेल. बास, ट्रेबल, बॅलन्स यांचाही तिथे सहसा संबंध येत नाही. ‘प्री आउट’ही काहींना असतो, पण तो मोठ्या बटणाबरोबर वरखाली होतो. दोन बटणं सांभाळण्यापेक्षा टेप आउट बरा.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी तर टेप आउटच धरावा. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले, वरचे उचललेले असतात. ते पूर्ववत करण्याचं काम अॅम्पच्या फोनो भागात होतं. प्लेअर थेट हेडफोन अॅम्पला लावलात तर किनरा, दबलेला आवाज येईल. टेप आउटवर तो सगळा संस्कार होऊन येतो.

माझं अडलं ते कॅसेटपाशी. डेक ‘टेप’च्या भोकांत होता, आणि कॅसेट लावली की स्पीकरवर आवाज यायचा, हेडफोनवर शुकशुकाट. दोन रात्री मी केबल बदलत बसले. दोष केबलचा नव्हता. टेप इनला आलेला आवाज अॅम्प टेप आउटवर परत पाठवत नाही, नाहीतर डेकचा आवाज डेकमध्येच फिरून शिट्टी वाजेल. उपाय सोपा निघाला: डेकच्या वाजवण्याच्या तारा ‘टेप इन’मधून काढून ‘ऑक्स’ या जादा इनपुटमध्ये घातल्या. दोन्हीची पातळी सारखीच असते. आता डेकही रेकॉर्ड प्लेअरसारखा एक स्रोत झाला आणि वडिलांनी तानसेन समारोह या इथल्या संगीत महोत्सवाच्या मांडवात भरलेल्या कॅसेट मला रात्री ऐकता येतात. मात्र डेकच्या रेकॉर्डिंगच्या तारा टेप आउटला ठेवू नका. मी त्या काढूनच टाकल्या.

टेप आउट नसेलच तर सीडी प्लेअरच्या आउटपुटला वाय केबल लावून एक फाटा अॅम्पला, एक हेडफोन अॅम्पला देता येतो. एकातून दोन चालतं. दोन यंत्रांचे आउटपुट एका इनपुटमध्ये कधीच जोडू नका. टीव्हीला हल्ली बहुधा ऑप्टिकल आउट असतो. त्याला मध्ये डॅक, म्हणजे डिजिटल आवाज साध्या तारेच्या आवाजात बदलणारं यंत्र लागतो, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ या साध्या डिजिटल प्रकारावर ठेवावा लागतो.

एवढं करूनही माझ्या कानात घूं होतं. स्पीकरवर कधी जाणवलं नव्हतं, हेडफोनमध्ये लपेना. परीक्षा घ्यायची तर तानपुऱ्यावर घ्या. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घूं ऐकू येतं ते बऱ्याचदा तिच्या दुपटीचं, १०० हर्ट्झचं. काळी एकच्या षड्जाशी ते तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठेतरी बसतं. मालकंसात पंचम नाही, तानपुरा मध्यमाचा, त्यामुळे तो परका सूर दातात खडा यावा तसा येतो. पंचम असलेला अलिया बिलावल ऐकत असते तर कदाचित आणखी महिनाभर लक्षात आलं नसतं.

शोधायचं असं: सगळं बंद करा, मग एकेका यंत्राची तार अॅम्पपासून सोडवत जा. प्लेअर सोडवला, घूं तसंच. डेक सोडवला, तसंच. टीव्हीला आलेली केबलवाल्याची तार उपसली आणि एकदम शांतता. टीव्हीची अर्थ एकीकडे, त्या तारेची दुसरीकडे, आणि मध्ये आमचा अॅम्प. मी ती तार ग्राउंड लूप आयसोलेटरमधून (अर्थचा असा फेरा तोडणाऱ्या छोट्या डबीतून) घेतली आणि बाकी सगळी यंत्रं एकाच बोर्डवर आणली. प्लेअरची बारीक हिरवी तार अॅम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट आहे ना, तेही बघा. घूं जावं म्हणून प्लगची जाड अर्थ पिन कापणारे मी पाहिले आहेत. ते जिवावरचं काम आहे. आमच्या घरी अर्थिंगच धड नव्हतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते करून घेतलं, आणि तो खर्च मला या सगळ्यात सर्वांत योग्य वाटतो.

चालू करताना आधी प्लेअर, मग मोठा अॅम्प, शेवटी हेडफोन अॅम्प, बटण शून्यावर, गेन (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारी कळ) ‘लो’वर. हेडफोन त्यानंतर कानावर. बंद करताना उलट क्रम. एक बारीक गोष्ट: काही अॅम्पमध्ये टेप आउट स्रोताला थेट जोडलेला असतो, आणि बंद पडलेला हेडफोन अॅम्प त्यावर भार टाकतो. दिवसा स्पीकरचा आवाज चरचरीत वाटला तर ती केबल काढून ठेवा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८६ला म्हणजे १० तास. रात्रीच्या शांततेत मला ८०ची गरजही पडत नाही.

आणि हेडफोन मी मागून उघडा घेतला आहे, ओपन बॅक. त्यातला आवाज थोडा बाहेर सांडतो, पण भिंतीपलीकडे जात नाही. बाहेरचं मात्र आत येतं. सासूबाई मध्यरात्री कधी पाणी मागतात. त्यांची हाक मला विलंबित चालू असतानाही ऐकू येते.