बिलिंगच्या कॉम्प्युटरवरचं बफर ओव्हरफ्लोचं भोक कसं बुजवायचं

उद्यमबागेतलं वर्कशॉप असो, निपाणीतलं तंबाखूचं गोडाऊन असो की खानापुरातली पतसंस्था, बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकताना त्याच्याबरोबर कितीतरी वेळा डेटाबेस सर्व्हर (सगळी माहिती साठवून ठेवणारा प्रोग्राम) पण बसतोय आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतोय. म्हणून पहिलं काम म्हणजे विंडोजमध्ये सर्व्हिसेस उघडा, यादीत एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सर्व्हर, दिसतंय काय बघा.

एवढी खटपट कशाला, तर 25 जानेवारी 2003 ला स्लॅमर नावाचा वर्म (एका मशीनवरनं दुसऱ्या मशीनवर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) सुटला. एसक्यूएल सर्व्हर 2000 मध्ये यूडीपी पोर्ट 1434 वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरनं मशीनमध्ये यायचं नंबर दिलेलं दार) एक छोटी सर्व्हिस चालू असायची, तिला पहिला बाइट 04 आणि त्याच्या मागं एक नाव पाठवलं की ती ते मेमरीतल्या ठराविक जागेत कॉपी करायची, पण नाव केवढं लांब आहे ते बघायचीच नाही. लांब नाव जागा भरून बाहेर सांडायचं, हेच ते बफर ओव्हरफ्लो. पतसंस्थेच्या वहीत लांबलचक नाव शेजारच्या रकमेच्या रकान्यावर चढावं तसं, फक्त इथं शेजारी प्रोग्रामनं काम झाल्यावर कुठं परतायचं तो पत्ता होता, तो बदलला की सर्व्हर हल्लेखोराचाच कोड चालवणार. अख्खा वर्म फक्त 376 बाइटचा, आणि दहा मिनिटांत जवळपास 75,000 मशीनपर्यंत पोचला. जीव तुटतो तो याच्यासाठी की मायक्रोसॉफ्टनं पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) जुलै 2002 मध्येच दिलेला होता.

तर आता बॅकअप. पूर्ण डेटाबेसचा घ्या, बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघाच, नुसती फाइल दिसली म्हणून समाधान मानू नका.

मग एसक्यूएल सर्व्हरचं व्हर्जन बघा. 2014 चं किंवा त्याच्या आधीचं असेल तर सपोर्ट संपलाय (2014 चा 9 जुलै 2024 ला संपला), सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून नवीन व्हर्जनवर न्यायला सांगा. नवीन असेल तर विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या इतर प्रॉडक्ट्सच्या अपडेटचा स्विच असतोय, तो ऑन करा, बंद असला तर विंडोज अपडेट होत राहतंय आणि डेटाबेस तसाच मागं पडतोय. अपडेट धंदा बंद झाल्यावर आणि यूपीएस चार्ज असतानाच टाका, मध्येच करंट गेला तर नसता घोळ होतोय.

राउटर मात्र नीट बघा. कोल्हापूर-हुबळीच्या टेक्निशियनला तिथनंच काम करता यावं म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरनं आलेलं कनेक्शन आतल्या मशीनकडं सोडायची सेटिंग) 1433 किंवा 1434 उघडं ठेवलेलं असू शकतंय, ते काढून टाका, त्याला व्हीपीएन (इंटरनेटवरनं आत यायची सुरक्षित खाजगी वाट) द्या. शेवटी मशीन रिस्टार्ट करून व्हर्जन नंबर बदलला काय बघा आणि एक बिल काढून बघा.