स्प्रे मारलेला फोर्क खरखरीत होत होता: माझा अनुभव

बीएमएक्सचा (स्टंटच्या छोट्या सायकलचा) फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, घरीच रंगवला. वाळल्यावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत. डबा बदलला, जाड हात मारला, तर ओघळ आले. तीनदा खरवडून जाम वैतागलो. दोष डब्याचा नव्हताच. जळगावच्या मे महिन्यात, भर दुपारी गच्चीवर, रंग लोखंडाला लागण्याआधी हवेतच वाळत होता.

मग पेंट रिमूव्हरने सगळं काढून धुतलं, १२० आणि ३२० नंबरचा पेपर, थिनरचं फडकं, बेअरिंगच्या जागी मास्किंग टेप. पहाटे सहाला सावलीत टांगून २०-२५ सेंटीमीटरवरून प्रायमरचे दोन पातळ हात. दुसऱ्या पहाटे ४०० नंबरचा ओला पेपर, पुसून कोरडं, मग रंगाचे तीन हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. आठवडाभर बनी हॉप (सायकलसकट उडी) बंद. (मला तीनच दिवस दम निघाला, पेगजवळचा, म्हणजे चाकाच्या आसावरच्या पाय ठेवायच्या नळीजवळचा, टवका त्याचाच.)