एका डोळ्याला पट्टी असताना चहाचा कप कसा उचलावा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी असतानाच सकाळचा चहा लुगड्यावर सांडला. हात कपाच्या अलीकडंच मिटला होता. "म्हातारपण, दुसरं काय!" ती म्हणाली. पण कारण वयाचं नव्हतं. दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळं प्रत्येक डोळ्याला कप थोडा वेगळा दिसतो. त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. एक डोळा झाकला की हा आधार जातो.

१. आधी घरच्यांनी एक डोळा मिटून, हात लांब ठेवून, पेन टोपणात घालून बघावं. मग आज्जीवर कुणी ओरडणार नाही.

२. पांढऱ्या टेबलावर स्टीलच्या पेल्याची कड नीट दिसत नाही. खाली गडद फडकं घाला. कप रोज एकाच जागी, कान हाताकडं, आणि अर्धाच भरलेला.

३. हात हलवण्याआधी बोटं जिथं टेकणार त्या कानावर नजर ठेवा. मान जराशी डावी-उजवीकडं हलवा. जवळची वस्तू लांबच्यापेक्षा जास्त सरकताना दिसते, त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

४. हात सावकाश न्या. हात फार वेगानं नेला तर डोळे उघडे असूनही नेम सुधारत नाही, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच दाखवलं. एरवी आपली बोटं वाटेतच वस्तूपेक्षा जास्त रुंद उघडतात आणि हात पोचायला लागणारा साधारण दोन तृतीयांश वेळ सरल्यावर मिटू लागतात. अंतराचा अंदाज चुकला की मिटण्याची वेळही चुकते. म्हणून स्पर्श होईपर्यंत बोटं उघडीच ठेवा. माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे करंगळीची कड टेबलावर घासत नेऊन आधी बशीला लावायची, मग कान धरायचा. निपाणीकडच्या बायका गप्पा मारत बिड्या वळतात त्या बोटांच्या याच जाणिवेवर. आज्जीला ही युक्ती एका सकाळीत जमली.

५. कप हवेत धरून देऊ नका, टेबलावर ठेवा. ओतताना किटलीची तोटी काठाला टेकवा. शेगडीजवळ एकटं सोडू नका.

पट्टी निघाल्यावरही दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी असेल तर दोन्ही डोळ्यांची नजर जुळत नाही आणि हात काही दिवस चुकू शकतो. तोवर फडकं आणि करंगळी सोडू नका. नजर अचानक कमी झाली किंवा डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.