कोकणच्या दमट हवेत भिंतीवरचा एसी कसा चालवावा

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागचा पारा विदर्भाइतका चढत नाही, तरीही वैशाखात अंगातून घामाच्या धारा लागतात. कारण किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतके बाष्प असते की घाम वाळतच नाही. म्हणून इथे एसी चालवताना तापमानाचा आकडा किती खाली आणला, यापेक्षा हवेतला दमटपणा किती कमी केला, याकडे अधिक लक्ष द्यावे.

प्रथम दारे-खिडक्या बंद कराव्यात. कौलारू घरातील खोलीला माळा किंवा छत नसेल तर गार हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि एसी अखंड चालूनही खोली थंड होत नाही. तेव्हा अशा खोलीला आधी छत करून घेणे हाच शहाणपणाचा खर्च होय. त्यानंतर मुख्य बटण चालू करून रिमोट यंत्राच्या दिशेने धरावा आणि मोडचे बटण दाबत हिमकणाचे चिन्ह आणावे. हा थंड करण्याचा मोड. पाण्याचा थेंब म्हणजे ड्राय मोड आणि पंख्याचे चिन्ह म्हणजे नुसता वारा.

तापमान २४ अंशांवर ठेवावे. तारांकित घरगुती एसींसाठी १ जानेवारी २०२० पासून हेच मूळ तापमान ठरवून दिलेले असल्याने नव्या यंत्रात बहुधा तोच आकडा आधी दिसतो. १६ अंश लावले की खोली लवकर गार होते, हा समज घरोघरी आढळतो. परंतु एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर १६ वर आणि २४ वर सारख्याच जोराने काम करतो, फक्त १६ वर तो थांबायचे नाव घेत नाही. खोली गार झाल्यावर २६ अंश करून छताचा पंखा मंद लावावा. एक अंश वाढवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. झडप वरच्या बाजूला वळवावी, कारण गार हवा जड असल्याने आपोआप खाली उतरते.

पावसाळ्यात मात्र थेंबाचे चिन्ह निवडावे. उकाडा फार नसतो, पण गाद्या सर्दावतात आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. या मोडमध्ये पंखा मंद फिरतो, कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो आणि हवेतले बाष्प गार नळ्यांवर पाणी होऊन नळीवाटे बाहेर जाते. भर उन्हाळ्यात हाच मोड अपुरा पडतो.

वीज गेली तर ती परत येताच एसी लगेच चालू करू नये. किमान तीन मिनिटे थांबावे, म्हणजे कॉम्प्रेसरमधला वायूचा दाब समतोल होतो. विजा कडाडू लागल्या की रिमोटने बंद करून भागत नाही, मुख्य बटणही बंद करावे. रिमोट सापडत नसेल तर पुढचे झाकण उचलून पाहावे. बऱ्याच यंत्रांत तिथे किंवा बाजूला एक लहान बटण असते, त्याने काम भागते.

बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसता पंखा चालवल्यास आतील नळ्या कोरड्या होतात आणि बुरशीचा वास धरत नाही. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. यंत्रातून खोलीत पाणी गळू लागले तर आधी ही जाळी आणि मग निचऱ्याची नळी तुंबली आहे का, हे पाहावे. गॅस भरण्याची घाई करू नये.

समुद्राजवळच्या घरांत खरी झीज बाहेरच्या यंत्राची होते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर बसून त्यांना कुरतडते. त्यासाठी वीज पूर्ण तोडून, त्या पात्यांवर गोड्या पाण्याची हलकी धार अधूनमधून सोडावी. धार जोराची असली तर पाती वाकतात, आणि विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते मुळीच वापरू नये.