लेकराला सोबत नेताय? मग पगार असा ठरवा

मूल सांभाळायच्या कामावर स्वतःचं लेकरू नेणार असाल, तर पहिल्याच भेटीत सांगा. मागाहून कळलं की घरच्या ताई बिथरतात, आणि त्यांचंही खरंच आहे.

पगार मात्र स्वतःहून कमी करू नका. आधी पूर्ण आकडा सांगा. घासाघीस झाली तर शांतपणे विचारा, "ताई, काम कुठलं कमी होणार?" त्यांचं बाळ तेवढाच वेळ कडेवर, बाटल्याही तेवढ्याच उकळायच्या. तरी सूट द्यावीच लागली तर जवळच्या पाळणाघराची फी डोळ्यासमोर ठेवा. पाळणाघर 3,000 घेत असेल आणि पगारातून 3,000 कापले जात असतील, तर तुमच्या हाती काय उरलं? कपात हजाराच्या वर नको, यावर अडून बसा. लेकरू 3 वर्षांचं होऊन अंगणवाडीत जायला लागलं की कपात बंद, हेही आत्ताच बोलून घ्या.

खरे खटके उडतात ते आजारपणात. तुमच्या लेकराला ताप आला तर रजा कुणाच्या खात्यात? त्यांच्या बाळाला कांजण्या आल्या, म्हणून तुम्ही घरी थांबलात, तर पगार मिळणार का? ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. डबा आपला आपण न्यावा.