‘मतदार’ आणि ‘मतदारसंघ’ : लिहिताना या चुका टाळा

‘आमच्या गावात ६० टक्के मतदार झाले,’ असं कुणी लिहिलं की समजावं, त्याला ‘मतदान’ म्हणायचं होतं. मत देतो तोच मतदार, हा समज फार पसरलेला आहे. शब्द फोडून बघा. यातला ‘दार’ फारसीतून आलेला, दुकानदार-इनामदारातला, म्हणजे ‘बाळगणारा’. दिवसभरात एक गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी दुकानदार दुकानदारच राहतो. तसा मतदानाची सुट्टी साधून माथेरानला गेलेलाही मतदारच. टक्केवारी काढतात तीही यादीतल्या मतदारांवर, लोकसंख्येवर नव्हे.

वय १८ झालं की माणूस आपोआप मतदार होतो, हीसुद्धा चूकच. १९८९ पर्यंत ही अट २१ वर्षांची होती. वय झालं की तुम्ही पात्र; मतदार व्हायला नमुना ६ भरून यादीत नाव यावं लागतं. नाव नसेल तर खिशातलं ओळखपत्र कामाचं नाही. घर बदललं असेल तर नमुना ८.

खरा घोळ ‘मतदारसंघा’चा. इंग्रजीत मतदारांच्या समूहाला एक शब्द (इलेक्टोरेट), भूभागाला दुसरा (कॉन्स्टिट्युअन्सी). आपण दोन्हींना मतदारसंघ म्हणतो. मग ‘पुणे करारानं राखीव मतदारसंघ गेले’ अशी वाक्यं परीक्षेच्या वहीतच काय, भाषणांतही सापडतात. झालं ते उलट. ऑगस्ट १९३२च्या जातीय निवाड्यात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जागावाटपाच्या निर्णयात, दलितांना विभक्त मतदारसंघ होते, म्हणजे त्या जागांवरचे प्रतिनिधी फक्त दलित मतदारांनी निवडायचे. २४ सप्टेंबरच्या गांधी-आंबेडकरांमधल्या पुणे करारानं ते गेले, आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा आल्या, संयुक्त मतदारसंघातून. विभक्तमध्ये मतदार वेगळे असतात, राखीवमध्ये फक्त उमेदवारीवर बंधन असतं. आजच्या राखीव मतदारसंघात मत सगळेच देतात. हा फरक कळल्याशिवाय गांधी-आंबेडकर वादावर लिहायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘निर्वाचकगण’ हा शब्द सरसकट मतदारांसाठी वापरू नका. राष्ट्रपती निवडणारे निवडून आलेले खासदार-आमदार, तो निर्वाचकगण.

आणि विधान परिषदेवर पदवीधरांचा आमदार निवडणारा पदवीधर मतदारसंघ? तिथली यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. पदवीला तीन वर्षं झालेली हवीत, अर्ज नमुना १८चा. विधानसभेच्या यादीतलं नाव तिथं चालत नाही.