पेरूचा ‘पाय’ निघत नसेल तर

पेरू मंडईतून आलेले असतात, बटर फ्रीजमध्ये असतं, तरी पाय (इंग्रजीतला pie, मैद्याच्या पारीत गोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला) पुढच्या रविवारवर जातो. चार तास सलग मोकळे मिळाले तरच हे जमणार, असं डोक्यात बसलेलं असतं. खरं तर हाताचं काम सव्वा-दीड तासाचं. बाकी वेळ पीठ आणि सारण नुसतं गार होत असतं. तेव्हा काम तीन दिवसांवर फोडा. दोन ठिकाणी चालढकल फायद्याचीच आहे, एका ठिकाणी मात्र ती पाय बुडवते.

शुक्रवारी रात्री पीठ. ८ इंची साच्याला खालची-वरची पारी धरून ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम खारं बटर (मग वेगळं मीठ नको), १ मोठा चमचा पिठीसाखर, ५-६ मोठे चमचे बर्फाचं पाणी. बटरचे बोराच्या बीएवढे तुकडे करून १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मग बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा; तळव्याला ऊब जास्त, तो लावू नका. काही तुकडे शेंगदाण्याएवढे राहिले, बाकीचा रवा झाला, की थांबा. हेच तुकडे ओव्हनमध्ये वितळून वाफ सोडतात आणि पापुद्रे उचलतात. मिश्रण शेंगाचटणीसारखं तेलकट होऊन गोळा धरायला लागलं तर बटर पाघळलं समजा. परात तशीच २० मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच करावं. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत थंडीही असते आणि पेरूही, तेव्हा सगळ्यात सोपं.

पाणी घालून पीठ फक्त गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळलं की पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. एक गोळा थोडा मोठा, असे दोन चपटे गोळे गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. किमान १ तास, दोन दिवसांपर्यंत खुशाल. नंतर पीठ करडं पडायला लागतं, त्यामुळे त्याहून लांबणार असेल तर फ्रीजर. तिथे दोन महिने टिकतं.

शनिवारी सारण. १ किलो पिकलेले पण घट्ट पेरू घ्या. बियांचा गर काढा, १ कप पाण्यात १० मिनिटं उकळा आणि गाळणीत घासून घ्या. पेक्टिनमुळे (फळातला दाटपणा आणणारा घटक) हा रस दाट असतो, तो फेकू नका. बाकी पेरूच्या फोडी, हा रस, १२० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा दालचिनी पूड हे ८ मिनिटं शिजवा. २ सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला आणि मिनिटभर उकळू द्या. पळी फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. हेही फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. कोमट सारण मात्र भरू नका, खालची पारी तिथेच वितळते.

२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं सोलापूरचं डाळिंब यात घालायचा मोह होतो. घालू नका, भाजल्यावर दाण्यांचा रस सुटतो आणि तोंडात नुसत्या बिया उरतात. वाढताना वरून पेरा.

रविवारी भाजणी, पण नळाला पाणी यायचा दिवस सोडून, नाहीतर पारी लाटलेली आणि तुम्ही हंडे भरताय. इथे रेंगाळायचं नाही: सारण भरलेला कच्चा पाय तासभर नुसता ठेवला की बुड ओलं होतं. म्हणून आधी ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर २० मिनिटं तापवा, दोन्ही रॉड चालू ठेवा. पारी ३ मिलिमीटर जाडीची लाटा. साचा अॅल्युमिनियमचा हवा. स्टीलच्या ताटलीत बुड पांढरट राहतं. सारण भरा, वरची पारी लावून कडा करंजीसारख्या मुरडा आणि वर चार चिरा द्या. खालच्या रॅकवर २०० वर २० मिनिटं, मग १८० वर ३० ते ३५ मिनिटं. चिरेतून रस दाट, सावकाश बुडबुडे काढत वर आला की झालं. नुसता रंग बघून बाहेर काढू नका. कडा आधीच काळवंडायला लागल्या तर फॉइल घाला.

कापायला तीन तास थांबा, नाहीतर सारण ताटभर पसरतं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी ओटीजीतच १६० वर १० मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.